भाचीचे पंचवीस हजार

चतुर्थी आठवड्यावर आलेली असताना गोव्याचा माणूस घर सोडून परगावी जातो, हे आपल्याकडे कोणाला पटायचं नाही. माटोळीचं सामान जमवायचं असतं, घराला रंगाचा हात द्यायचा असतो, करंज्या-नेवऱ्यांची गडबड असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नेमका अशाच वेळी मी नागपूरला, आणि तिथून पुढे मध्य प्रदेशातल्या सौंसरला जायला निघालो. आईने विचारलंच, "इतकं काय अडलंय रे तिथे?"

अडलं होतं एका कॉम्प्युटरपायी.

माझी धाकटी बहीण सौंसरला दिलेली. आता गोव्याची मुलगी तिकडे कशी गेली? तर भावोजी एके काळी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. ओळख झाली, लग्न झालं आणि पुढे वडिलांची संत्र्याची बाग सांभाळायला ते गावी परतले. आज बागेच्या जोडीला बियाणं-खतांचं छोटं दुकान आहे. दोन मुलं. थोरली मुलगी, म्हणजे आमची भाची, त्या वर्षी बारावी झाली आणि चांगल्या मार्कांनी झाली.

मध्य प्रदेशात एक योजना आहे. तिथल्या राज्य मंडळाच्या बारावीत ठरावीक टक्केवारीच्या वर गेलेल्या मुलांच्या बँक खात्यात सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये थेट जमा करतं. पूर्वी ही अट ८५ टक्क्यांची होती, नंतर ७५ वर आली. जुलै २०२५ मध्ये अशा ९४ हजारांहून जास्त मुलांना पैसे मिळाले. त्यांतली एक आमची भाची. पैसे खात्यात येऊन दीड महिना झाला तरी काय घ्यायचं ते ठरत नव्हतं. शेवटी बहिणीचा फोन आला, "दादा, पोळ्याला ये. तू बघितल्याशिवाय इथे कोणाचं एकमत व्हायचं नाही."

सौंसर आणि पांढुर्णा ही नावं आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसतात, म्हणून थोडं सांगतो. नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्राची हद्द संपते आणि मग सौंसर लागतं. पांढुर्णा त्याच्या पश्चिमेला, नागपूर–इटारसी रेल्वेमार्गावर. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, दोन्हीकडे घरात मराठी. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्याबरोबर ही मराठी गावंही तिकडेच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. मुलं शाळेत हिंदीतून शिकतात आणि घरी येऊन आजीशी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बोलतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणं, वाचणं म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मला तरी तिथे परकं वाटत नाही.

घरी पोचलो तर बाहेरच्या खोलीत तो जुना कॉम्प्युटर. २०१३ साली नागपूरहून आणलेला. बहिणीने स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कापड त्याच्यावर घातलेलं. बटण दाबलं आणि चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, तेव्हा कुठे पडद्यावर चित्रं स्थिर झाली! यूपीएस केव्हाच मेलेला, त्यामुळे वीज गेली की काम गेलं. भावोजी दुकानाचे हिशेब त्यावर करायचे, धाकटा भाचा गेम खेळायचा.

घरात तीन मतं होती. भावोजींचं म्हणणं, २५ हजारांत घरीच एक नवा दणकट डेस्कटॉप घ्यावा. मोठा पडदा येईल, दुकानाचं बिलिंगही होईल, पोराचा अभ्यासही होईल आणि पोरगी सुट्टीत आली की तीही वापरेल. भाच्याचं मत काय असणार? त्याला गेम चालणारा काहीही चालत होता. बहीण गप्प होती. आणि जिच्या नावावर पैसे आले होते ती भाची ऑगस्टच्या सुरुवातीपासून नागपूरला बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसत होती, मुलींच्या वसतिगृहात राहून. पोळ्यासाठी चार दिवस घरी आलेली. मी तिची वही बघितली. सी भाषेतले प्रोग्रॅम तिने पेनाने कागदावर लिहिले होते, ओळींना नंबर घालून. प्रयोगशाळेत पाळी आली की ते टाइप करायचे आणि चूक निघाली की पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

"मामा, तुम्ही सांगाल ते," ती म्हणाली. मोठ्यांनी विचारलं की आपल्या घरांतल्या मुली हेच सांगतात. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मात्र चार लॅपटॉपची नावं आणि किमती लिहून, त्यांतल्या दोन खोडलेल्या होत्या.

शुक्रवारी, २२ ऑगस्टला पोळा झाला. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गुरांना सजवतात, तसे इथे बैल सजतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, घरी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार. जांब नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीच्या मध्ये पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो आणि दोन्ही गावांचे लोक तो मिळवायला एकमेकांवर दगड मारतात. दर वर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. बंदोबस्त असतो, समजावणंही होतं, तरी प्रथा चालूच आहे. आम्ही गेलो नाही. पांढुर्ण्याच्या ज्या दुकानातून सामान आणायचं होतं तेही त्या दिवशी बंद. मग मी आणि भाची जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडून बसलो.

नवं काय घ्यायचं हे ठरवण्याआधी जुन्याचं नेमकं दुखणं काय ते बघावं, असं माझं मत. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत आणि हार्ड डिस्क सतत शंभर टक्क्यांवर. म्हणजे यंत्राचं डोकं ठीक होतं, फिरणारी जुनी डिस्क त्याला माहिती वेळेवर पुरवत नव्हती. तिच्या जागी एसएसडी घातली आणि चार जीबी रॅमच्या जोडीला आणखी चार जीबी घातली की हाच कॉम्प्युटर धावायला लागतो. खर्च तीन हजारांच्या आत.

"मग याचंच सगळं नवीन करत करत गेलं तर?" भाचीने विचारलं. प्रश्न चांगला होता. प्रोसेसर नवा, रॅम नवी, असं एकेक करता येईल का? उत्तर तिच्या आजीने दिलं, अर्थात तिला न कळत. आजी सांगत होती, सौंसरहून पूर्वी छोटी गाडी जायची, नागपूर–छिंदवाडा, अडीच फुटी रुळांची. २०१५ पर्यंत धावली. मग मोठी गाडी आणायची ठरली तेव्हा सगळे रूळ उपटावे लागले आणि काही वर्षं गाडीच नव्हती. आपल्याकडेही वास्को–लोंढा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज होताना हे बघितलेलं कित्येकांना आठवत असेल. मी भाचीला म्हटलं, मदरबोर्ड म्हणजे ते रूळ. या बोर्डावर डीडीआर-थ्री रॅम बसते, डीडीआर-फोर बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. नवीन प्रोसेसरलाही वेगळा बोर्ड लागतो. म्हणजे डबे बदलता येतात, रूळ बदलायचे तर सगळंच बदलतं.

आणखी एक अडचण होती. विंडोज टेनला मायक्रोसॉफ्टची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होती. विंडोज इलेव्हनला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. हा बिचारा तिसऱ्या पिढीतला. पैसे भरून वा काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षभरच. म्हणून या जुन्यावर मी लिनक्स घालायचं ठरवलं. ब्राउझर, हिशेबाचा तक्ता, पत्र टाइप करणं एवढ्याला ते पुरतं, देवनागरीही त्यात व्यवस्थित चालते.

रविवारी पांढुर्ण्याला जाऊन एसएसडी आणि रॅम आणली. बिल झालं २,७०० रुपये, ते भावोजींनी दिले. संध्याकाळी सगळं जोडलं, लिनक्स घातलं आणि बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात पडदा हजर! भाच्याने टाळ्या वाजवल्या. मलाही मोठं काही केल्यासारखं वाटलं.

आणि तिथेच घोळ झाला. भावोजी खूश होऊन म्हणाले, "वा! हा तं नवाच झाला बाप्पा. मंग आता पंचवीस हजाराचं कशाले घ्याचं? राहू दे पैसे खात्यात, पुढे पाहू."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला आधी सांगितलं पाहिजे. त्या दिवसांत सततच्या पावसाने आंबिया बहाराची फळं गळत होती. रोज सकाळी ते बागेत जायचे आणि झाडाखाली पडलेली हिरवी संत्री बघून परत यायचे. फवारणीला पैसा लागत होता. त्यांनी ते पैसे मागितले नव्हते, मागितलेही नसते. पण खात्यात पडून राहिलेल्या पैशाचं घरात काय होतं हे आपण सगळेच जाणतो. अडचण आली की ते आधी आठवतात.

भाचीने मान खाली घातली आणि काढलेली जुनी डिस्क कागदात गुंडाळू लागली. माझ्याच कर्तबगारीने तिचा लॅपटॉप जात होता, आणि मला काय बोलावं सुचेना.

आधी आजी बोलली. "कॉम्प्युटर सौंसरले न् पोरगी नागपूरले. मंग शिकीन कोन, कॉम्प्युटर?"

सगळे हसले. मग बहीण स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "दादा, तुला आपला तो सायबरएजचा कॉम्प्युटर आठवतो?"

आठवतो म्हणजे काय! गोव्यातल्या वाचकांना ती योजना आठवत असेल. २००२ च्या सुमारास अकरावीच्या विद्यार्थ्यांना सरकारने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांतल्या घरांत पहिला कॉम्प्युटर आला तो असा. आमच्याही घरी आला आणि तो आला बहिणीच्या नावावर, कारण अकरावीत ती होती. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला.

तो ठेवला बाहेरच्या खोलीत. "घरचाच आहे, सगळ्यांनी वापरा," असं बाबा म्हणाले. आणि वापरला मी. दिवसा मी, रात्रीही मी. मराठी टाइप करायला शिकलो. कुठे नाटकाची हस्तपत्रिका, कुठे जत्रेची पावती, कुठे लग्नाची पत्रिका, अशी डीटीपीची कामं घेऊ लागलो. त्यातून पुढे धंदा झाला आणि आजही माझं घर त्यावर चालतं. बहिणीला मिळायचा तो दुपारचा अर्धा तास, मी जेवून झोपलो की. प्रोजेक्ट तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेत केलं. तिने कधी तक्रार केली नाही आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. "तुझं काय, तू पत्ते खेळतेस," असं मी एकदा म्हटल्याचं मात्र पक्कं आठवतं. ती सॉलिटेअर खेळायची हे खरं. अर्ध्या तासात दुसरं करणार काय? त्या कॉम्प्युटरवरचं कापडही तिनेच शिवलं होतं.

आज घरात कॉम्प्युटर म्हटलं की सगळे मला बोलावतात. "दादाला कळतं त्यातलं." मला कळतं, कारण मला बसायला मिळालं.

बहीण एवढंच म्हणाली, "तो माझ्या नावावर होता." आवाज चढवला नाही. पोळ्या लाटायला परत आत गेली. मी तेवीस वर्षांनी भावोजींच्या समोर, भाचीच्या समोर सांगितलं की हो, तो तिचा होता आणि मी घेतला. भावोजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उद्या गाडी काढतो. नागपूरले सगळेच जाऊ."

त्या रात्री भाचीने वहीचं शेवटचं पान माझ्यासमोर ठेवलं. आता ती "तुम्ही सांगाल ते" म्हणत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून हिशेब केला तो असा. २५ हजारांत नवा लॅपटॉप मिळतो, पण बहुतेक वेळा अगदी साध्या प्रोसेसरचा, आणि पुष्कळदा रॅम बोर्डालाच चिकटवलेली, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. चांगला नवा हवा तर आणखी आठ-दहा हजार घालावे लागतात, ते घालायची वेळ नव्हती. तिसरा मार्ग म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी निघालेले आणि दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप. दिसायला जाडजूड, पण मजबूत. कीबोर्ड चांगला, उघडून रॅम आणि डिस्क बदलता येते. तिने स्वतःच ठरवलं, हाच घ्यायचा. अट एक, प्रोसेसर आठव्या पिढीच्या खालचा नको.

सोमवारी सीताबर्डीत एका दुकानात गेलो. तपासायचं काय याची यादी तिच्या हातात होती. पांढरं पान पडद्यावर आणून डाग बघायचे. प्रत्येक कळ दाबून बघायची. बिजागरी सैल नाही ना? चार्जर, यूएसबी, कॅमेरा, आवाज. बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता किती होती आणि आता किती उरली ते बघायचं. विंडोजचा परवाना सक्रिय आहे ना? जुन्या कंपनीचा बायोस पासवर्ड तसाच राहिलेला नाही ना? आणि पक्कं बिल, वॉरंटी लिहून. पहिल्या लॅपटॉपची बॅटरी निम्म्यावर आलेली निघाली, तो तिने परत दिला. दुसऱ्याच्या दोन कळा अडकत होत्या. दुकानदार जरा वैतागला, पण तिसरा त्याने आतून आणून दिला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एक खाच मोकळी, २५६ जीबी एसएसडी, सहा महिन्यांची वॉरंटी. किंमत १८,५०० रुपये. पैसे तिने स्वतःच्या मोबाइलवरून दिले. उरलेले साडेसहा हजार तिच्याच खात्यात राहिले. त्यातून पुढे रॅम नाहीतर बॅटरी घ्यायची असं तिने वहीत लिहून ठेवलं. (२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, ए.आय.च्या डेटा सेंटरांनी माल उचलल्यामुळे. तेव्हा माझे हे आकडे त्याच ऑगस्टचे समजा.)

दुकानातला मुलगा सगळं लावून देत होता. "मॅडम, पासवर्ड काय टाकू?" त्याने विचारलं.

भाचीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि दोन हातांनी काहीतरी टाइप केलं. भावोजी सवयीने पुढे वाकले, "काय टाकला वं? घरी लिहून ठेवू."

तिने आईकडे बघितलं.

"नको सांगूस," बहीण म्हणाली. "मलासुद्धा नको."

मंगळवारी मी गोव्याला परतलो. बुधवारी चतुर्थी. माटोळी बांधून झाल्यावर भाचीचा संदेश आला, सोबत फोटो. वसतिगृहातलं छोटं टेबल, त्यावर तो जाडजूड काळा लॅपटॉप आणि त्याच्यावर बहिणीने शिवून दिलेलं फुलाफुलांचं कापड. खाली लिहिलं होतं, "मामा, पहिला प्रोग्रॅम चालला. तीन चुका निघाल्या, तीनही रात्रीच दुरुस्त केल्या."

फोटो आईला दाखवला. आईने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "कापड मात्र तसलंच शिवलंय हो हिने."